विसरलेल्या रहस्यकथा परत छापायला अडतं कुठे?

२०२६च्या १ जानेवारीला अमेरिकेत १९३० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरचा कॉपीराइट संपला. बातम्यांत नावं झळकली ती अर्थातच बड्या मंडळींची: डॅशिएल हॅमेटची ‘द माल्टीज फाल्कन’, अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ आणि नॅन्सी ड्रू या किशोरवयीन हेरणीची पहिली चार पुस्तकं. गंमत अशी की या पुस्तकांना सुटकेची फारशी गरज नव्हती. ती कित्येक दशकं दुकानांत होतीच. सुटका हवी होती ती त्याच वर्षी आलेल्या, चार दिवस वाचल्या गेलेल्या आणि मग नावासकट पुसल्या गेलेल्या रहस्यकथांना आणि विज्ञानकथांना. त्यांच्याबद्दल कुठे ओळही आली नाही.

दुसरीकडे, इंग्लंड-अमेरिकेत गेल्या दहा-बारा वर्षांत जुन्या, कुणालाही न आठवणाऱ्या कादंबऱ्या नव्या देखण्या मुखपृष्ठांसह धडाधड येताहेत. ब्रिटिश लायब्ररीने आपल्या ‘क्राइम क्लासिक्स’ मालिकेत अशा पुस्तकांची रांग लावली. अमेरिकेत ओटो पेन्झलर यांनी २०१८ पासून ‘अमेरिकन मिस्टरी क्लासिक्स’ सुरू केली. ‘हार्ड केस क्राइम’ तर २००४ पासून हेच करते आहे. साहजिकच प्रश्न पडतो: ही पुस्तकं इतकी वर्षं होती कुठे? आणि जी अजून आली नाहीत, ती का आली नाहीत?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: चांगली असती तर टिकली असती. मला ते पटत नाही. पुस्तक परत येणार की नाही हे त्याच्या गुणवत्तेइतकंच, किंबहुना जास्त, एका रूक्ष प्रश्नावर ठरतं: आज त्याचा मालक कोण आणि तो सापडतो का?

विस्मरणाची सोय आधीपासूनच होती

१८९६ साली फ्रँक मन्सी या प्रकाशकाने आपलं ‘अर्गोसी’ मासिक मिळेल त्या स्वस्तातल्या कागदावर छापायला सुरुवात केली. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या या खरखरीत कागदावरची मासिकं म्हणजे ‘पल्प’. पुढे रहस्यकथांचं ‘ब्लॅक मास्क’ १९२०मध्ये आलं, अद्भुत आणि भयकथांचं ‘वीअर्ड टेल्स’ १९२३मध्ये, आणि ह्यूगो गर्न्सबॅकचं ‘अमेझिंग स्टोरीज’ हे निव्वळ विज्ञानकथांचं मासिक १९२६मध्ये. लेखकाला पैसे मिळायचे शब्दांवर, साधारण शब्दाला सेंट-दोन सेंट. त्यामुळे हात भरभर चालवावा लागे. वॉल्टर गिब्सनने ‘द शॅडो’ या नायकाच्या ३२५ कादंबऱ्यांपैकी २८२ एकट्याने लिहिल्या, त्याही ‘मॅक्सवेल ग्रँट’ या टोपणनावाखाली.

१९३९ साली ‘पॉकेट बुक्स’ने पंचवीस सेंटची पेपरबॅक बाजारात आणली आणि पल्पचा वाचक हळूहळू तिकडे वळला. ‘स्ट्रीट अँड स्मिथ’ या बड्या प्रकाशकाने १९४९ साली आपली बहुतेक पल्प मासिकं बंद केली. १९५०पासून ‘गोल्ड मेडल’ने थेट पेपरबॅकमध्येच पहिली आवृत्ती काढायचा धडाका लावला. ही पुस्तकं पुस्तकांच्या दुकानात कमी आणि मासिकांच्या स्टॉलवर जास्त विकली जात. न खपलेली प्रत परत पाठवायचा खर्च कोण करणार? म्हणून विक्रेता मुखपृष्ठ फाडून तेवढंच परत पाठवायचा आणि बाकीचं पुस्तक नष्ट करायचं असा रिवाज होता. ग्रंथालयं या मालाकडे ढुंकूनही पाहत नसत. वर्तमानपत्रांतली परीक्षणंही क्वचितच.

त्यात कागदाचा दोष. लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य या कागदात तसंच राहतं आणि हवा-उजेड लागला की तपकिरी पडतं. शाई पसरू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटीची प्रक्रिया केलेली असे, तिच्यातून कालांतराने आम्ल तयार होतं आणि कागदाचे तंतू तुटत जातात. जुनं पल्प मासिक उघडलं की कडांचा चुरा हातात येतो तो यामुळे. म्हणजे माल विसरला जाईल अशाच पद्धतीने तयार झाला आणि तशाच पद्धतीने विकला गेला. लेखनाचा दर्जा हा मुद्दा अजून आलेलाच नाही.

मालक मेला, वारस पांगले

कॉपीराइट म्हणजे मजकूर छापायचा, विकायचा, त्याचं भाषांतर करायचं किंवा त्यावर सिनेमा काढायचा कायदेशीर हक्क. तो सुरुवातीला लेखकाकडे असतो. लेखक तो विकू शकतो, भाड्याने देऊ शकतो, मृत्युपत्रात कुणाच्या नावे करू शकतो. मुदत संपली की मजकूर ‘पब्लिक डोमेन’मध्ये जातो, म्हणजे कुणीही परवानगीशिवाय छापू शकतो. ब्रिटन आणि युरोपीय संघात ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. अमेरिकेत जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षं.

आता एखादं कुलूप लावलेलं घर डोळ्यांसमोर आणा. मालक वारला. तीन मुलं तीन शहरांत. एकाचा पत्ता नाही, दुसऱ्याला असं घर आहे हेच ठाऊक नाही, तिसऱ्याला ठाऊक आहे पण कागदपत्रं सापडत नाहीत. घर राहण्याजोगं आहे, भाडेकरूही तयार आहे. पण सही कोण करणार? भाडं इतकं थोडं की त्यासाठी वकील लावणं कुणालाच परवडत नाही. घर पडतं ते असं. पडल्यावर लोक म्हणतात, बांधकामच कच्चं असणार.

विसरलेल्या बहुसंख्य कादंबऱ्यांची हीच कथा आहे. लेखक निपुत्रिक वारला आणि हक्क पुतणीकडे गेले. प्रकाशन संस्था दुसऱ्या संस्थेने विकत घेतली, ती तिसरीने, आणि मूळ करारनामे कुठल्या खोक्यात आहेत हे कुणालाच माहीत नाही. लेखकाने तीन टोपणनावं वापरली आणि खरं नाव कधी जाहीरच झालं नाही. मासिकातल्या कथांचा गुंता तर आणखी वेगळा. काही मासिकं फक्त पहिल्यांदा छापायचा हक्क घेत, काही सगळेच हक्क विकत घेत, आणि कुणाबरोबर काय ठरलं होतं याचा पुरावा म्हणजे अनेकदा फक्त एका चेकच्या पाठीवरचा मजकूर.

यातून एक चमत्कारिक निकाल लागतो. ज्या लेखकांना सर्वांत जास्त राबवून घेतलं, त्यांची पुस्तकं परत छापायला सर्वांत सोपी ठरली. लेस्टर डेंट याने ‘डॉक सॅव्हेज’च्या बहुसंख्य कादंबऱ्या ‘केनेथ रोबसन’ या प्रकाशकाने ठरवून दिलेल्या टोपणनावाखाली लिहिल्या. हक्क सगळे स्ट्रीट अँड स्मिथचे. १९५९ साली डेंट वारला आणि त्याच वर्षी ही संस्था काँडे नास्ट समूहात गेली. १९६४मध्ये बँटम प्रकाशनाला त्या कादंबऱ्या पेपरबॅकमध्ये आणाव्याशा वाटल्या, तेव्हा दार ठोठवायचं होतं ते एकच. जेम्स बामाच्या जबरदस्त मुखपृष्ठांसह ती मालिका पुढे अनेक वर्षं चालली. हक्क स्वतःजवळ राखून ठेवणाऱ्या स्वाभिमानी लेखकांची पुस्तकं मात्र त्यांच्या वारसांबरोबर हरवली.

हलगर्जीपणाचं वरदान

अमेरिकेच्या १९०९च्या कायद्यात कॉपीराइट २८ वर्षांचा होता. अठ्ठाविसाव्या वर्षी अर्ज करून नूतनीकरण केलं तर आणखी २८ वर्षं मिळत. अर्ज केला नाही तर पहिली २८ वर्षं संपताच मजकूर सगळ्यांसाठी खुला. पुढच्या कायद्यांनी नूतनीकरण झालेल्यांची मुदत वाढवत वाढवत १९९८ साली एकूण ९५ वर्षांवर नेली. पण नूतनीकरण चुकलेल्यांना त्याचा लाभ नाही.

किती जणांनी अर्ज केले? कॉपीराइट कार्यालयासाठी बार्बरा रिंगर यांनी १९६०मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं की नोंदणी झालेल्या एकूण कृतींपैकी १५ टक्क्यांहून कमी कृतींचं नूतनीकरण होत होतं. पुस्तकांच्या बाबतीत तर हे प्रमाण साधारण ७ टक्के होतं. म्हणजे २८ वर्षांनी आपल्या पुस्तकाची एवढीही किंमत आहे असं बहुतेकांना वाटत नव्हतं, किंवा तारीख लक्षातच राहिली नाही.

या विसरभोळेपणामुळे १९३१ ते १९६३ या काळातलं प्रचंड साहित्य आज अमेरिकेत खुलं आहे. एच. बीम पायपर या विज्ञानकथालेखकाची ‘लिटल फझी’ ही कादंबरी १९६२ची. पायपर १९६४मध्ये वारला, १९९०मध्ये नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा ते झालं नाही. त्यामुळे आज ती ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या इंटरनेटवरच्या ग्रंथसंग्रहात फुकट वाचता येते आणि पायपरला नवे वाचक मिळत राहतात. गुटेनबर्गवरच्या १९५०च्या दशकातल्या विज्ञानकथा उघडल्या तर सुरुवातीला एक छोटी टीप दिसते: कसून शोध घेतला, पण नूतनीकरण झाल्याचा पुरावा मिळाला नाही. एवढ्या एका वाक्यामागे कुणीतरी जुन्या नोंदवह्या चाळल्याचे तास असतात.

ही चाळणी आता थोडी सोपी झाली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९५० ते १९९२ या काळात झालेली पुस्तकांची नूतनीकरणं शोधता येतील असा संग्रह केला आहे. मासिकांतल्या कथांसाठी मात्र अंकाचं नूतनीकरण वेगळं तपासा, कथेचं वेगळं, आणि तीच कथा पुढे पुस्तकात वेगळ्या नावाने आली असेल तर तेही. शीर्षकं बदलायची संपादकांना भारी हौस होती. इथे एक नाव चुकलं की प्रकाशकाला नोटीस आलीच म्हणून समजा.

सरहद्द ओलांडली की उत्तर बदलतं

ख्रिस्तीचीच कादंबरी घ्या. ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ अमेरिकेत १९३०च्या प्रकाशनावरून मोजली, म्हणून मुक्त झाली. ब्रिटनमध्ये मोजणी मृत्यूपासून. ख्रिस्ती १९७६मध्ये गेली, त्यामुळे तिथे २०४६ संपेपर्यंत थांबावं लागेल. तीच अक्षरं, तीच पानं. अटलांटिकच्या एका बाजूला कुणीही छापावीत, दुसऱ्या बाजूला छापली तर गुन्हा.

उलटंही घडतं. जे. जेफर्सन फार्जन हा ब्रिटिश रहस्यलेखक १९५५मध्ये वारला, त्यामुळे २०२६ उजाडताच त्याचं सगळं लेखन ब्रिटनमध्ये खुलं झालं, अगदी शेवटच्या वर्षातलंही. अमेरिकेत मात्र त्याच्या प्रत्येक पुस्तकाचा हिशेब सुटा करावा लागतो. भरीला १९९६पासून अमेरिकेने आणखी एक पेच टाकला: जी परदेशी पुस्तकं नूतनीकरणाअभावी तिथे खुली झाली होती, पण मायदेशी अजून संरक्षित होती, त्यातल्या बहुतेकांचे हक्क पुन्हा जिवंत केले. अमेरिकन लेखकाच्या हलगर्जीपणाचा वाचकाला फायदा झाला. ब्रिटिश लेखकाच्या हलगर्जीपणावर कायद्याने पांघरूण घातलं.

वारस सापडतच नसेल तर?

ज्याचा कॉपीराइट चालू आहे पण मालक ओळखता किंवा शोधता येत नाही अशा लेखनाला ‘अनाथ कृती’ म्हणतात. ब्रिटनने २०१४मध्ये त्यासाठी परवाना योजना आणली. प्रकाशकाने आधी प्रामाणिकपणे शोध घेतल्याचं दाखवायचं, मग सरकारी बौद्धिक संपदा कार्यालय शुल्क घेऊन जास्तीत जास्त सात वर्षांचा परवाना देतं. मालक पुढेमागे उगवलाच तर त्याच्यासाठी रक्कम राखून ठेवलेली असते. परवाना फक्त ब्रिटनपुरता, आणि दुसऱ्या कुणालाही तोच परवाना मिळू शकतो. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २००६ आणि २०१५मध्ये या विषयावर सविस्तर अहवाल दिले. कायदा काही झाला नाही.

त्यामुळे छोटे प्रकाशक स्वतःच हेरगिरी करतात. मृत्युपत्रांच्या नोंदी, जुन्या साहित्यिक एजंटांचे कागद, वर्तमानपत्रांतल्या मृत्युवार्ता. टेक्सस विद्यापीठाचं हॅरी रॅन्सम सेंटर आणि ब्रिटनमधलं रेडिंग विद्यापीठ मिळून लेखकांच्या हक्कधारकांची एक यादी चालवतात, तिथून अनेक धागे मिळतात. टोपणनावांच्या गुंत्यासाठी ॲलन ह्युबिन यांनी रचलेली गुन्हेकथांची अवाढव्य सूची आहे, विज्ञानकथांसाठी स्वयंसेवकांनी चालवलेला माहितीसंग्रह आहे. खुनी कोण हे शोधण्यापेक्षा लेखक कोण हे शोधणं अनेकदा अवघड असतं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

वारस सापडल्यावर बहुधा आनंदच होतो. ज्या पुस्तकातून दोन पिढ्यांत एक पैसा आला नाही, त्याची रॉयल्टी सुरू होते. कधी कधी त्याहून मोठं काही हाती लागतं. ई. सी. आर. लोरॅक या नावाने लिहिणारी एडिथ कॅरोलाइन रिव्हेट १९५८मध्ये वारली. तिची ‘टू-वे मर्डर’ ही अप्रकाशित कादंबरी ब्रिटिश लायब्ररीने २०२१मध्ये पहिल्यांदाच छापली, म्हणजे लेखिकेच्या मृत्यूनंतर साठाहून अधिक वर्षांनी.

परवानगी आहे, पण पुस्तक कुठे आहे?

पुनर्मुद्रण करायचं तर मूळ प्रत लागते. ब्रिटिश लायब्ररीचं पारडं इथे जड आहे. ब्रिटनमध्ये प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत तिला देण्याचं प्रकाशकावर कायद्याने बंधन आहे, त्यामुळे जे संग्राहकांनाही दुर्मीळ ते तिच्या तळघरात असतं. अमेरिकन पल्पचं तसं नाही. ती वाचली मुख्यतः चाहत्यांमुळे, ज्यांनी घरच्यांची बोलणी खात खोकी भरून ठेवली. आजही काही प्रकाशकांना एखाद्या अंकासाठी चार संग्राहकांना विचारावं लागतं. एकाच्या प्रतीत शेवटचं पान नसतं, दुसऱ्याच्या प्रतीत मधली आठ.

प्रत मिळाली की ती स्कॅन करून यंत्राकडून अक्षरं ओळखून घेतात. इथे सगळी मजा आहे. जुन्या ठशांची पुसट छपाई, तपकिरी पान, मागच्या बाजूची शाई पुढे उमटलेली. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून छापले गेले की यंत्राला ‘एम’ दिसतो, आणि १९३०च्या कादंबरीतली ‘मॉडर्न’ तरुणी ‘मोडेम’ तरुणी होते. शब्दकोशात दोन्ही शब्द असल्याने तपासणीच्या सॉफ्टवेअरला खटकत नाही. माणसानेच प्रूफं वाचावी लागतात. रहस्यकथेत हे नुसतं शुद्धलेखनाचं प्रकरण नसतं. साक्षीदाराने सांगितलेल्या वेळेतला एक आकडा चुकला तर शेवटच्या प्रकरणातला सगळा उलगडा कोसळतो, आणि वाचक लेखकाला नावं ठेवतो.

मग प्रश्न येतो: कोणता मजकूर खरा? ‘द माल्टीज फाल्कन’ आधी ‘ब्लॅक मास्क’मध्ये क्रमशः आली आणि पुस्तक होताना हॅमेटने तिच्यात बदल केले. अनेक कादंबऱ्यांची ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्ती वेगळी असते, नावासकट. मासिकाच्या संपादकाने जागेअभावी परिच्छेद उडवलेले असतात, पेपरबॅकवाल्याने पानं बसवायला आणखी काही. चांगला संपादक या आवृत्त्या शेजारी ठेवून निवड करतो आणि ती का केली हे प्रस्तावनेत सांगतो. हे काम बाहेरून दिसत नाही, पण पुनर्मुद्रणाची खरी किंमत इथे आहे असं माझं मत.

‘वाईट होती म्हणूनच विसरली ना?’

काही नक्कीच वाईट होती. शब्दाला सेंट मोजून घेणाऱ्याने लांबण लावलीच असणार. पुनर्मुद्रणाच्या लाटेत सुमार पुस्तकंही ‘हरवलेला हिरा’ म्हणून खपवली जातात, हेही खरं.

तरी जिम थॉम्पसनचं उदाहरण पाहा. १९७७मध्ये तो वारला तेव्हा अमेरिकेत त्याचं एकही पुस्तक छापात नव्हतं. १९८४पासून बॅरी गिफर्ड यांच्या ‘ब्लॅक लिझर्ड’ने त्याची पुस्तकं परत काढली, १९९०मध्ये ‘द ग्रिफ्टर्स’वर सिनेमा आला, आणि आज अमेरिकन गुन्हेकथेचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. १९७७ आणि १९९० यांच्या मध्ये त्याच्या वाक्यांत काहीच बदललं नव्हतं. किंवा फार्जनची १९३७ची ‘मिस्टरी इन व्हाइट’: ख्रिसमसच्या आदल्या दिवशी बर्फात अडकलेल्या गाडीतले प्रवासी एका घरात आसरा घेतात, घरात शेकोटी पेटलेली, चहाची तयारी मांडलेली, आणि माणूस एकही नाही. साठाहून अधिक पुस्तकं लिहिलेला हा लेखक पार विस्मृतीत गेला होता. २०१४च्या ख्रिसमसला ब्रिटिश लायब्ररीने ही कादंबरी जुन्या रेल्वे पोस्टरच्या धर्तीच्या मुखपृष्ठासह काढली आणि ती इतकी खपली की मोठ्या प्रकाशकांनीही आपापल्या जुन्या याद्या उघडल्या. मुखपृष्ठाचा वाटा मोठा होता, मान्य. पण मुखपृष्ठ पाहून माणूस एक पुस्तक घेतो, त्याच मालिकेतलं पाचवं घेत नाही.

शिवाय काळाची चाळणी निःपक्षपाती असते हे गृहीतकच तपासायला हवं. जी पुस्तकं सतत छापात राहिली त्यांच्यामागे बहुधा एखादी दक्ष वारसदार संस्था, सिनेमा किंवा अभ्यासक्रम होता. चाळणी हातात धरणारं कुणी नसेल तर हिराही खड्यांबरोबर जातो.

त्या काळचे पूर्वग्रह कापायचे का?

१९३०च्या कादंबऱ्यांत ज्यू सावकार, चिनी खलनायक आणि काळे नोकर ज्या शब्दांत येतात ते आज वाचवत नाहीत. प्रकाशकांपुढे दोन वाटा आहेत: मजकूर तसाच ठेवून सुरुवातीला टीप द्यायची किंवा शब्द बदलायचे. नॅन्सी ड्रूच्या मालकांनी दुसरी वाट धरली. १९५९पासून जुन्या पुस्तकांचं पुनर्लेखन झालं, वांशिक चित्रण काढलं, पण पानंही कमी केली आणि नायिकेचा फटकळपणाही. पुढे १९९१पासून ‘ॲपलवुड बुक्स’ने मूळ मजकूर जसाच्या तसा परत छापला तेव्हा जुन्या चाहत्यांना हायसं वाटलं. आता कायद्याने खुला झाला आहे तोही १९३०चाच मजकूर. १९५९चं पुनर्लेखन अजून बंद आहे, आणि ‘नॅन्सी ड्रू’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून संरक्षित आहे ते वेगळंच. माझा कौल टीप देण्याच्या बाजूने. नव्वदेक वर्षांपूर्वीचा समाज काय बोलायचा हे लपवून त्या समाजातला खून कसा समजणार?

फुकट आहे तर विकत का घ्यायचं?

पूर्वी ऑफसेट छपाईत प्लेटा करण्याचा खर्च भरून निघायला एकदम हजार-दोन हजार प्रती काढाव्या लागत. एवढा खप नसलेल्या पुस्तकाला प्रकाशक हात लावत नसे. १९९७ साली इंग्रम या वितरक कंपनीने मागणीनुसार एक-एक प्रत छापण्याचा व्यवसाय सुरू केला आणि गणित उलटलं. गोदाम नको, आगाऊ भांडवल नको. हॅरी स्टीफन कीलरसारख्या विक्षिप्त रहस्यलेखकाचं लेखन ‘रॅम्बल हाउस’सारख्या चिमुकल्या प्रकाशनाने परत आणलं ते याच जोरावर.

याच तंत्राने कचराही आणला. खुल्या झालेल्या मजकुराचं कच्चं स्कॅन उचलायचं, न वाचता छापायचं, वर सूर्यास्ताचा फोटो डकवायचा. अशी प्रत ओळखणं सोपं आहे. मूळ प्रकाशनाचं वर्ष कुठेच नसतं, संपादकाचं नाव नसतं, प्रस्तावना नसते, आणि ‘काही पानं अस्पष्ट असू शकतात’ अशी क्षमायाचना मात्र असते. त्यापेक्षा गुटेनबर्गची फुकट प्रत कितीतरी सरस. तिच्यातलं एकेक पान अनेक स्वयंसेवकांच्या नजरेखालून गेलेलं असतं. पैसे मोजायचे ते संपादनासाठी.

मागणीनुसार छपाईचा आणखी एक परिणाम लेखकांच्या उशिरा लक्षात आला. जुन्या करारांत कलम असे: पुस्तक छापात नसेल तर हक्क लेखकाकडे परत. आता फाइल संगणकावर असली की पुस्तक कायमच ‘छापात’ राहतं. वर्षाला दोन प्रती खपल्या तरी हक्क प्रकाशकाकडेच. म्हणून हल्लीच्या करारांत छापात असण्याऐवजी ठरावीक खपाची अट घालतात.

१९६४ची भिंत

इथवर १९६३पर्यंतच्या पुस्तकांची गोष्ट झाली. त्यानंतरचं चित्र वेगळं आहे. अमेरिकेने १९९२मध्ये नूतनीकरण आपोआप होईल असा कायदा केला आणि तो १९६४ ते १९७७मधल्या प्रकाशनांना लागू केला. हेतू चांगला होता, विसरभोळ्या लेखकाचं नुकसान होऊ नये. पण त्यामुळे विसरलेली पुस्तकंही आपोआप बंदिस्त झाली. १९६४ची कुठलीही पेपरबॅक, तिचा लेखक कोण हे जगात कुणालाही माहीत नसलं तरी, २०६०च्या १ जानेवारीपर्यंत मालकाच्या सहीशिवाय छापता येणार नाही.

एक फट आहे. कॉपीराइटच्या शेवटच्या वीस वर्षांत, बाजारात मिळत नसलेलं पुस्तक जतनासाठी आणि संशोधनासाठी उपलब्ध करून द्यायला अमेरिकन कायदा ग्रंथालयांना मुभा देतो. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या डिजिटल ग्रंथालयाने २०१७मध्ये या तरतुदीखाली पुस्तकं खुली केली आणि त्या संग्रहाला १९९८च्या मुदतवाढीच्या कायद्याला ज्याचं नाव आहे त्या खासदार सॉनी बोनोचंच नाव दिलं, हा टोमणा ज्याला कळायचा त्याला कळला. २०२६मध्ये ही मुभा १९५०पर्यंतच्या पुस्तकांना मिळते, १९६४च्या पुस्तकांना ती २०४०मध्ये मिळेल. ती पुस्तकंही त्याच स्वस्त, आम्लधर्मी कागदावर छापलेली आहेत.